गुदद्वाराचा जन्मजात दोष व दुर्बिणीची शस्त्रक्रिया (ग्रामीण विदर्भ)

बाळाला गुदद्वार नसणे किंवा ते भलत्याच जागी बारीक छिद्राच्या रूपात असणे, असा हा जन्मजात दोष. साधारणपणे ५,००० जन्मांमागे एका बाळात तो आढळतो. मुलग्यांत थोडा जास्त. वऱ्हाडात घरची माणसे सरळ सांगतात, ‘लेकराले संडासची जागाच नाही.’ गर्भात चौथ्या ते आठव्या आठवड्यांदरम्यान आतडे आणि मूत्रमार्ग यांची सामाईक पोकळी विभागली जाते. ही विभागणी अर्धवट राहिली की दोष उरतो. ग्रहणात चिरल्या-कापल्याने तो होत नाही. हे ठासून सांगायला हवे, कारण बोल बाळंतिणीलाच लागतो.

निदानाला यंत्र लागत नाही. जन्मताच पाय वर करून ती जागा नीट पाहायची. धारणी-चिखलदऱ्याकडे किंवा भामरागडच्या पाड्यावर घरीच बाळंतपण झाले, तर नेमके हेच राहून जाते. लंगोटाला काळी शी लागली म्हणून निर्धास्त होऊ नये. ती मुलीच्या योनिमुखाजवळच्या छिद्रातून किंवा मुलग्याच्या लघवीवाटे आलेली असू शकते. पोट फुगून हिरवी उलटी होईपर्यंत थांबणे धोक्याचे. बाळाला उबदार गुंडाळून १०२ किंवा १०८ च्या गाडीने नागपूर, सेवाग्राम यांसारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. तिथे हृदय, मूत्रपिंड, अन्ननलिका आणि मणकेही तपासतात; त्यांतले दोष सोबत असू शकतात.

आतडे त्वचेजवळ संपत असेल, तर लहान शस्त्रक्रियेने भागते. वर संपत असेल, तर आधी पोटावर शीची वाट काढतात. तिथे लावायच्या, शी गोळा करणाऱ्या पिशव्या तालुक्याला मिळतीलच असे नाही. आया जुन्या सुती लुगड्याच्या मऊ घड्या बांधतात आणि भोवतीच्या कातडीला झिंकचे मलम लावतात. मुख्य शस्त्रक्रिया काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी होते. १९८२ मध्ये पेन्या आणि डी’व्हरिज या शल्यचिकित्सकांनी पाठीमागून मध्यरेषेत छेद घेण्याची पद्धत मांडली. २००० मध्ये जॉर्जसन यांनी दुर्बिणीची पद्धत प्रसिद्ध केली. तीत पोटावरच्या बारीक छिद्रांतून आतडे मोकळे करतात, मूत्रमार्गाशी असलेला जोड बंद करतात आणि शी रोखून धरणाऱ्या स्नायूंच्या बरोबर मध्यातून आतडे खाली ओढून नवे द्वार बनवतात. स्नायू चिरावे लागत नाहीत.

तरी दुर्बीण प्रत्येक बाळासाठी नाही. मूत्राशयाच्या मानेशी किंवा त्याखालच्या वरच्या मूत्रमार्गाशी जोड असेल, तर ती उत्तम. जोड आणखी खाली असेल, तर पोटातून तिथवर पोहोचताना आतड्याचा तुकडा मागे राहू शकतो आणि पुढे तिथे पिशवीसारखा फुगवटा तयार होतो. मुळात हे स्नायू कमकुवत असतील आणि माकडहाडाच्या वरचे हाड नीट वाढलेले नसेल, तर कोणतीच पद्धत त्यांना बळ देऊ शकत नाही.

यानंतरचे काम घरच्यांचे, आणि माझ्या मते सर्वांत अवघड. सुमारे दोन आठवड्यांनी नवे द्वार आकसू नये म्हणून धातूच्या गुळगुळीत कांडीने ते रुंद ठेवावे लागते. कांडीचा आकार हळूहळू वाढवतात. आईचा हात सुरुवातीला थरथरतो. रुग्णालयातून निघण्यापूर्वी तिच्याकडूनच हे करून घ्यावे. योग्य आकार गाठला की पोटावरची वाट बंद करतात. काही मुलांना पुढे बद्धकोष्ठता होते, काहींची चड्डी खराब होते. शाळेत जाण्यापूर्वी रोज ठरल्या वेळी एनिमा देऊन आतडे रिकामे केले, तर अशा बऱ्याच मुलांना वर्गात दिवसभर स्वच्छ बसता येते.