किको साबाते: संघटनेनं हात काढून घेतल्यानंतर

१९४४च्या शरदात फ्रान्स मुक्त झाला, तेव्हा पिरेनीजच्या, म्हणजे फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या डोंगररांगेच्या, उत्तरेला हत्यार चालवता येणारे हजारो स्पॅनिश निर्वासित होते. हिटलर हरतोय म्हणजे स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोचेही दिवस भरले, असं जवळजवळ सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. ऑक्टोबरमध्ये सुमारे ४,००० जण स्पेनच्या हद्दीतल्या आरानच्या खोऱ्यात उतरले आणि दहाएक दिवसांत मागे फिरले. ती मोहीम कम्युनिस्टांची. अराज्यवाद्यांची, म्हणजे कुठलीच राज्यसत्ता नको म्हणणाऱ्यांची, रीत वेगळी होती. चार-पाच जणांचा गट करायचा, डोंगर फक्त ओलांडायचा आणि खरं काम बार्सिलोनात करायचं. फ्रान्सेस्क साबाते, म्हणजे किको, या रीतीतला सगळ्यात टिकलेला माणूस. जन्म १९१५चा, बार्सिलोनाला खेटून असलेल्या ओस्पितालेतचा. धंदा प्लंबरचा.

त्याचं ठाणं कुस्तूजजवळच्या शेतघरात होतं. हे फ्रेंच हद्दीतलं गाव, पण सीमा चालत गाठता येईल इतकी जवळ. तिथून निघायचं, दिवसा झाडीत पडून राहायचं, रात्री चालायचं. हिवाळ्यात रात्र मोठी मिळते, पण बर्फावर पाऊल उमटतं; उन्हाळ्यात माग राहत नाही, पण अंधार पुरत नाही. प्रत्येकाच्या पाठीवर बंदूक, काडतुसं, शिधा आणि पत्रकं. हे ओझं घेऊन सलग चालणं जमत नाही, म्हणून वाटेतली शेतघरं लागायची. सगळी साखळी तुटायची ती तिथेच. १९४७च्या वटहुकमानं गनिमांना दरोडेखोर ठरवलं आणि त्यांना आसरा देणाऱ्यालाही शिक्षेत ओढलं. त्यात निमलष्करी पोलीस स्वतःच गनिमांचा वेष करून दारं ठोठावायचे. भाकरी मागणारा खरा की सोंगाड्या, हे शेतकऱ्यानं ओळखायचं कसं? चूक झाली तर तुरुंग, नाहीतर ‘पळताना गोळी लागली’ अशी नोंद.

शहरातलं काम पैशावर चालायचं आणि पैसा बँका-कारखान्यांवर धाडी घालून यायचा. तो कैद्यांच्या घरच्यांना, छपाईला आणि पुढच्या फेरीला लागायचा. नेम चुकला की काय होतं, ते २ मार्च १९४९ला दिसलं. बार्सिलोनाच्या राजकीय पोलिसांचा प्रमुख रोज ज्या मोटारीनं जायचा, तशीच मोटार आली आणि दबा धरून बसलेल्यांनी गोळ्या झाडल्या. आत तो नव्हताच. राजवटीच्या युवक संघटनेचा एक पदाधिकारी आणि चालक, असे दोघे मेले. त्या वर्षी पोलिसांनी शहरातले गट एकामागून एक मोडून काढले.

यानंतरचा निर्णय मात्र चरित्रकथांमध्ये एका वाक्यात उरकला जातो. फ्रान्सच्या तुलूज शहरातल्या अराज्यवाद्यांच्या निर्वासित संघटनेनं सशस्त्र गटांपासून हात काढून घेतले. किकोच्या चाहत्यांच्या लेखी ही सरळ गद्दारी. पण त्या वर्षांचा हिशेब मांडून पाहावा लागतो. फ्रान्सनं १९४६च्या मार्चमध्ये बंद केलेली स्पेनची सीमा फेब्रुवारी १९४८मध्ये पुन्हा उघडली. सप्टेंबर १९५०मध्ये फ्रेंच सरकारनं स्पॅनिश कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली, माणसं रातोरात उचलली, काहींना देशाबाहेर धाडलं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी स्पेनमधून राजदूत मागे बोलावण्याची १९४६ची शिफारस मागे घेतली. जानेवारी १९५१मध्ये लियाँमध्ये टपालाच्या गाडीवर दरोडा पडला, त्यात माणसं मेली, संशयित निघाले स्पॅनिश अराज्यवादी आणि संघटनेच्या माणसांची धरपकड सुरू झाली. कार्यालय, वृत्तपत्र आणि निर्वासितांचे राहण्याचे कागद हे सगळंच फ्रेंच सरकारच्या मर्जीवर होतं. ते गमावलं तर हजारो कुटुंबं उघड्यावर येणार होती. माघार घेण्याला कारणं होती आणि ती खरी होती.

चुकलं ते माघार घेण्याच्या पद्धतीत, असं माझं मत आहे. सीमेपलीकडे अडकलेल्यांना परत कसं आणायचं, पकडलेल्यांच्या वकिलाचा खर्च कुणी द्यायचा, ज्या शेतघरांनी भाकरी दिली त्यांचं काय, याची जबाबदारी कुणी घेतली नाही. जे काल कार्यकर्ते होते, ते आज संघटनेला अडचणीचे झाले. किको १९४९मध्ये फ्रान्समध्येच पकडला गेला होता. तुरुंग आणि मग दिजाँमधली सक्तीची वस्ती संपवून तो १९५५मध्ये मोकळा झाला, तेव्हा त्याच्या पाठीशी फार थोडे उरले होते. त्यानं स्वतःचे गट उभारले, स्वतःचं पत्रक काढलं. छप्पर उघडणाऱ्या टॅक्सीत घरगुती नळी उभी करून बार्सिलोनावर पत्रकं उडवल्याची प्रसिद्ध गोष्ट याच काळातली. पण १९५७च्या ऑगस्टमध्ये शहरी लढ्यातला त्याच्या तोडीचा दुसरा माणूसही बार्सिलोनाच्या रस्त्यावर मारला गेला. तोपर्यंत स्पेन संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला होता आणि तिथे अमेरिकेचे तळ उभे राहत होते.

१९५९च्या डिसेंबरअखेर तो आणखी चौघांना घेऊन निघाला. सुगावा आधीच लागला होता. ३ जानेवारीला जिरोनाजवळच्या मास क्लारा या शेतघराला वेढा पडला. चौघेही मेले, एक लेफ्टनंट मेला, किको पायात गोळी घेऊन अंधारात निसटला. ५ तारखेला पहाटे फोर्नेल्सला तो आगगाडीच्या इंजिनात चढला आणि चालकाला म्हणाला, थेट बार्सिलोनाला चल. ते शक्य नव्हतं, कारण वाटेत मासाने स्टेशनात वाफेचं इंजिन काढून विजेचं लावायचे. तो दुसऱ्या इंजिनात गेला, सांत सेलोनीजवळ उतरला. जखम चिघळली होती. डॉक्टर शोधत दारं ठोठावताना गावच्या सशस्त्र नागरी दलातल्या एकानं त्याला गोळ्या घातल्या.

मास क्लाराची गोष्ट सांगताना एक तपशील हमखास येतो: किको सरपटत पहारेकऱ्यांमधून गेला आणि ‘गोळी झाडू नका, मी लेफ्टनंट आहे’ असं कुजबुजला. हे कुणी ऐकलं? त्याचे साथीदार तिथेच संपले होते आणि तोही दोन दिवसांत गेला. म्हणजे ही माहिती एकतर वेढा घालणाऱ्यांकडून आली, नाहीतर वाटेत त्यानं कुणाला चार शब्द सांगितले असतील त्यातून, किंवा मागाहून कुणीतरी भरली. आगगाडीचं तसं नाही. चालक वाचला, प्रवासी वाचले, गाडीचं वेळापत्रक होतं. दंतकथा त्या शेतघराभोवती वाढली आणि १९६४मध्ये त्याच्या आयुष्यावर बेतलेला हॉलिवूडपट आला, तेव्हा ती जगभर गेली.

स्पेनच्या संसदेनं २००१मध्ये गनिमांना दरोडेखोर ठरवणारी भाषा मागे घेतली. ऑक्टोबर २०२२च्या लोकशाही स्मृती कायद्यानं त्यांना आणि त्यांना मदत करणाऱ्यांना राजवटीचे बळी मानलं, राजवटीच्या दमनकारी न्यायालयांच्या राजकीय शिक्षाही रद्दबातल ठरवल्या. लढ्यात उतरलेले साबाते भाऊ तिघे होते. धाकट्याला लष्करी न्यायालयानं दोषी ठरवून फेब्रुवारी १९५०मध्ये गोळ्या घातल्या. त्याचा निकाल आता रद्द आहे. थोरला ऑक्टोबर १९४९मध्ये बार्सिलोनात पोलिसांशी झालेल्या चकमकीत गेला, किको सांत सेलोनीत. त्या दोघांना कुठल्याही न्यायालयानं मृत्युदंड दिला नव्हता. त्यांच्या मृत्यूपुरतं रद्द करण्यासारखं काही नाही.