कागद-पेनाचे ओळखीचे खेळ

शिबिर, कार्यशाळा, प्रशिक्षण किंवा नव्या वर्गाच्या सुरुवातीला अनोळखी माणसांचा संकोच जावा म्हणून घेतले जाणारे, कागद, पेन आणि फार तर चिकटपट्टी एवढ्यावर भागणारे छोटे खेळ. एका खेळाला साधारण 5 ते 20 मिनिटे लागतात. गोलात बसून एकेकाने आपली ओळख सांगायची पद्धत सगळीकडे चालते. पण 30 जणांनी एकेक मिनिट घेतले तरी अर्धा तास जातो, आणि आपली पाळी येईपर्यंत बहुतेकांचे लक्ष स्वतः काय बोलायचे यातच अडकलेले असते. कागद हाती आला की सगळे एकदम कामाला लागतात. चारचौघांत तोंड उघडायला कचरणाऱ्याला आधी लिहून मग बोलता येते. त्यामुळे खेळ निवडताना एकच गोष्ट आधी पाहावी: कागदाच्या निमित्ताने दोन माणसे समोरासमोर येतात, की प्रत्येक जण आपल्याच कागदात डोके घालून बसतो?

साहित्यात ए-फोर कागद (210 × 297 मिमी) माणशी दोन आणि पेन माणशी एक, शिवाय दर दहा जणांमागे एखादे जादा, कारण ऐन वेळी न चालणारे पेन निघतेच. पाठकोरे कागद चालतात. उभ्याने लिहायचे असेल तर खाली धरायला वही किंवा पुठ्ठा हवा, नाहीतर पेनाचे टोक कागदातून आरपार जाते. नावपट्टीला जाड मार्करच वापरावा. बॉलपेनने लिहिलेले नाव चार पावलांवरून वाचता येत नाही. चिकटचिठ्ठ्या भिंतीवर किंवा फळ्यावर ठीक, कपड्यावर मात्र टिकत नाहीत; अंगावर लावायच्या पट्टीला मास्किंग टेप लावावी. गठ्ठ्यातून चिठ्ठी खालून वर ओढली की ती गोल वळते आणि भिंतीवरून गळून पडते. बाजूने सोलून काढली तर सपाट राहते.

सर्वांत भरवशाचा खेळ म्हणजे सह्यांचा तक्ता, ज्याला ओळख-बिंगो असेही म्हणतात. कागदाला दोनदा उभी आणि दोनदा आडवी घडी घातली की पट्टी न लागता 16 चौकटी तयार होतात. प्रत्येक चौकटीत एक वर्णन लिहायचे: शिट्टी वाजवता येते, डावखुरा आहे, पोहता येत नाही, घरी मांजर आहे. मग फिरून, विचारून, जुळणाऱ्या माणसाची त्या चौकटीत सही घ्यायची. एका कागदावर एकाची एकच सही, म्हणजे सगळ्या चौकटी भरायच्या तर गटात किमान 17 जण लागतात. लहान गटाला तीन घड्यांचा 8 चौकटींचा तक्ता पुरतो. ‘चष्मा आहे’ हे वर्णन निरुपयोगी, कारण ते दिसते, विचारावे लागत नाही. लग्न, पगार, वय, वजन, आजारपण यांना हात लावू नये. सगळा कागद भरण्याची अट घातली की एखाद्या दुर्मिळ चौकटीपाशी खेळ अडतो. एक ओळ पूर्ण झाली की जिंकले असे धरल्यास 10 मिनिटांत संपतो. या खेळाचे खरे दुखणे वेगळेच आहे. माणसे जिंकण्याच्या नादात न बोलता सह्या गोळा करत सुटतात. त्यावर उपाय म्हणजे सहीबरोबर एक तपशीलही लिहून घ्यायचा, मांजराचे नाव वगैरे. शेवटी विजेत्याने आपली ओळ माणसांकडे हात करत मोठ्याने वाचावी.

बोळ्यांच्या खेळात प्रत्येक जण पाव कागदावर स्वतःबद्दलची, इतरांना ठाऊक नसलेली एक गोष्ट लिहितो, कागदाचा बोळा करतो, आणि अर्धा मिनिट सगळे एकमेकांवर बोळे फेकतात. मग एकेक उचलून त्याचा धनी शोधायचा. छापील कागद नेमका इथे नको, मालक त्यावरून ओळखू येतो. गट दहाचा असो की शंभराचा, कुणा ना कुणाच्या हाती स्वतःचाच बोळा येण्याची शक्यता सुमारे 63 टक्के असते; तेव्हा बदलून घेण्याची सोय आधीच सांगावी. सगळ्यांनी एकदम शोधायला घेतले तर गोंधळ उडतो, कारण आपण ज्याला शोधतो तो तिसऱ्याच्या मागे असतो. एकाने वाचावे, धनी सापडला की त्याने आपल्या हातातला वाचावा. साखळी मध्येच बंद होते, म्हणजे वाचलेला बोळा पहिल्या वाचकाचाच निघतो, हे होणारच. मग उरलेल्यांपैकी कुणीही नव्याने सुरुवात करावी.

कागद फाडण्याच्या खेळात डोळे मिटून सूचना पाळायच्या: घडी घाला, उजवा कोपरा फाडा, पुन्हा घडी, पुन्हा कोपरा, असे तीनदा. प्रश्न विचारायचे नाहीत. डोळे उघडून कागद पसरला की नाना नमुने दिसतात. घडी कुणी उभी घातली, कुणी आडवी. घड्या जिथे मिळतात तो बंद कोपरा फाडला तर कागदाच्या मध्यभागी भोक पडते, सुटा कोपरा फाडला तर चारही कोपरे जातात. चौथी घडी नको, 16 थर हाताने नीट फाटत नाहीत. दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारू दिले की नमुने बरेच जुळतात. फरकावर दोन मिनिटे चर्चा केली नाही तर हा खेळ वाया जातो.

चित्रांच्या खेळांत ‘मला चित्र येत नाही’ ही अडचण सगळ्यांना सारखीच अवघड अट घातली की सुटते. जोडीदाराचा चेहरा एका मिनिटात, कागदाकडे न पाहता, पेन न उचलता काढायचा. यात चांगला चित्रकारही वाकडेच काढतो. पाठीला पाठ लावून बसलेल्या जोडीत एकाने चार-पाच भौमितिक आकारांचे चित्र शब्दांत सांगायचे, दुसऱ्याने काढायचे. ‘घर’ किंवा ‘पतंग’ म्हणायला बंदी. दोन जोड्यांत निदान एक मीटर अंतर हवे, नाहीतर कुणाचेच ऐकू येत नाही. घडीच्या चित्रात एक जण डोके, दुसरा धड, तिसरा पाय काढतो; आधीचा भाग दुमडलेला असतो, म्हणून रेषा घडीच्या पलीकडे सेंटीमीटरभर ओढाव्यात. 1925 च्या सुमारास पॅरिसमधले अतिवास्तववादी कवी-चित्रकार घडीचा हा खेळ खेळत.

दहा कागदांचा उंच मनोरा उभारणे हा प्रसिद्ध खेळ गट जुळवायला बरा, पण त्यात नावे कळत नाहीत; तो दुसऱ्या सत्रासाठी ठेवावा.

क्रम लावताना आधी लिहिण्याचा, मग जोडीचा, शेवटी सगळ्यांसमोर बोलण्याचा खेळ घ्यावा. सूचना तोंडी सांगून एकदा करून दाखवाव्यात, आणि कागद सूचनांनंतरच वाटावेत. आधी वाटले की लोक घड्या घालू लागतात आणि ऐकणे थांबते. ज्याला दिसत नाही किंवा लिहिता येत नाही त्याला लेखनिक जोडीदार द्यावा, आणि कुणालाही ‘पुढे’ म्हणून पाळी सोडता आली पाहिजे. खासगी गोष्टी लिहिलेले कागद खोलीत मागे राहू देऊ नयेत. ज्याचे त्याला परत द्यावेत किंवा तिथेच फाडावेत.