डॉक्टरांच्या मागे राहिलेल्या नोंदी

सांगलीहून मिरजेला जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. वानलेस हे कुणाचं नाव, हे तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असेलच असं नाही. विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. १८८९ मध्ये मिशनचे डॉक्टर म्हणून ते भारतात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं, १९२८ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि १९३३ मध्ये ते वारले. आपल्याकडच्या शोकसभेत एवढं सांगून झालं की 'गरिबांचा देवमाणूस गेला' म्हणतात आणि दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात. या माणसाने नेमकं काय केलं, कसं केलं, हे मात्र सांगायचं राहूनच जातं. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

वानलेस यांच्याकडे लांबलांबून माणसं येत ती मोतीबिंदूसाठी. डोळ्याच्या बाहुलीमागे पारदर्शक भिंग असतं. त्याच्या मधल्या भागातली प्रथिनं जन्माआधीच तयार झालेली असतात आणि आयुष्यभर तीच पुरवायची असतात. वय, ऊन, मधुमेह, तंबाखू यांच्या माऱ्याने ती एकमेकांना चिकटू लागतात आणि शिजलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं भिंग गढूळ होतं. यावर औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही. भिंग काढावंच लागतं.

त्या काळी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करत, बुबुळाच्या कडेने जवळजवळ अर्धगोल छेद घेत आणि भिंग बाहेर काढत. आजच्यासारखे केसाहून बारीक टाके नव्हते. जखम उघडू नये म्हणून रुग्णाने डोळ्यांवर पट्टी बांधून कितीतरी दिवस उताणं पडून राहायचं. जोराचा खोकला आला तरी डोळा जायची भीती. भिंगाच्या जागी काही बसवण्याची सोयही नव्हती. हॅरॉल्ड रिडले यांनी लंडनमध्ये पहिलं कृत्रिम भिंग बसवलं ते १९४९ मध्ये. तोवर दहा नंबरच्या आसपासचा जाड चष्मा हाच आधार. आज दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून काम होतं आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. या फरकाची जाण ठेवून वानलेस यांच्या शस्त्रक्रियांकडे पाहिलं, की त्यांच्या हाताचं मोल कळतं.

वानलेसवाडी ओळखली जायची ती क्षयरोग्यांच्या आरोग्यधामामुळे. स्वच्छ हवा, विश्रांती, सकस आहार हेच तेव्हाचे उपचार. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाचा शोध लागला, पाठोपाठ आणखी औषधं आली. १९५९ मध्ये मद्रासमधल्या क्षयरुग्णांच्या एका अभ्यासाने दाखवून दिलं, की औषधं नियमित घेतली तर घरी राहूनही रुग्ण आरोग्यधामाइतकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांचा धोका काही वाढत नाही. आरोग्यधामाचा काळ तिथेच सरला. डॉक्टरांची आठवण काढताना त्यांचे मागे पडलेले उपचारही सांगावेत. त्याने त्यांचा मान तसूभरही कमी होत नाही.

डॉक्टरांच्या मृत्यूनेही विज्ञानाला मोठं देणं दिलं आहे. १९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवली: तुम्ही तंबाखू ओढता का, किती? चाळीस हजारांहून अधिक उत्तरं आली. मग एकेक डॉक्टर वारला की त्याच्या मृत्यूचं कारण नोंदवत गेले. जितकी तंबाखू जास्त, तितके फुप्फुसाच्या कर्करोगाचे बळी जास्त, हे १९५४ मध्येच दिसू लागलं. ५० वर्षांचा हिशेब २००४ मध्ये छापून आला: आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षं लवकर गेले. तिशीत सोडणाऱ्यांची ती जवळपास सगळी वर्षं वाचली, साठीत सोडणाऱ्यांचीही तीनेक. जाता जाता डॉक्टरांनी साऱ्या जगाला दिलेला हा पुरावा आहे.

आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा मळली जास्त जाते, आणि मिश्रीच्या रूपाने बायकांच्या दातांवर असते. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाले, काही वर्षं दवाखाना चालवला, पुढे साताऱ्यात व्यसनमुक्तीचं काम उभं केलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांचं अंधश्रद्धेविरुद्धचं काम सर्वांना ठाऊक आहे. व्यसनमुक्तीचं कामही तितक्याच आदराने सांगितलं जावं.

गावोगावच्या जुन्या दवाखान्यांत अशीच विद्या पडून आहे. कडेला मळलेल्या रजिस्टरात एका ओळीत तारीख, वय, गाव, 'इंचू' किंवा 'हगवण' आणि दिलेलं औषध. अशा ओळींवरून कोणत्या गावात कधी साथ आली, कोणत्या महिन्यात विंचू जास्त चावले, हे काढता येतं. डॉक्टर गेले की दवाखान्याची खोली रिकामी करतात आणि वह्या रद्दीत जातात. तेराव्याच्या आत कुणीतरी कंपाउंडरला गाठावं, कपाट उघडून घ्यावं, रुग्णांची नावं झाकून पानांचे फोटो काढून ठेवावेत.