भायर बसण्यापासून पॅडपर्यंत: थोडी पार्श्वभूमी

मुलींना पाळीबद्दल काही माहीत नसतं अशी ओरड नेहमीची, पण त्यांना सांगणार होतं कोण? आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आजीच्या वेळी "भायर बसलीय" म्हटलं की विषय संपला. तीन दिवस मागच्या पडवीत, वेगळी चटई, वेगळं ताट, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात. शिवाशिवीचे नियम सगळे तोंडपाठ, पण रक्त का येतं ते आईलाच माहीत नसायचं तर ती लेकीला काय सांगणार.

वापरायचं म्हणजे जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. खरं सांगू का, कापड वाईट नव्हतंच, साबणाने धुवून कडक उन्हात वाळवलं तर डॉक्टर आजही चालेल म्हणतात. घोळ वाळवण्यात होता. कोणाला दिसू नये म्हणून ते गोठ्यामागे नाहीतर परकराखाली लपवून घालायचं, त्यात गोव्याचा पाऊस, जून ते सप्टेंबर ऊन बघायला मिळायची मारामार, मग तेच दमट कापड परत घ्यायचं आणि खाज सुटली, पुरळ आलं तरी गप्प बसायचं.

पॅड टीव्हीवरून घरात आले, निळं पाणी ओतून दाखवायचे (लाल दाखवायची छाती कोणाची नव्हती!). फार्मसीवाला पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत देणार. 2011 मध्ये केंद्राने ग्रामीण मुलींसाठी स्कीम काढली, 6 पॅडचं पाकीट 6 रुपयांना, आशाताईंच्या हातून, पण आशा ही योजना गोव्यात आलीच नाही. 2017 ला पॅडवर 12 टक्के जीएसटी, बोंबाबोंब झाल्यावर 2018 च्या जुलैत रद्द. मधल्या काळात डिचोलीकडच्या बायकांच्या बचतगटाने पाइनच्या लगद्याचे, कुजणारे पॅड बनवायला घेतले, याचं मला जास्त कौतुक.

देशाचे आकडे सुधारलेत, 15 ते 24 वयात स्वच्छ साधन वापरणाऱ्या 2015-16 ला 57.6 टक्के होत्या, 2019-21 ला 77.3. पण पॅड हातात आला म्हणजे तो चार-सहा तासांनी बदलायचा हे कळलं असं नाही, शाळेच्या टॉयलेटात पाणी आणि डबा नसेल तर कळूनही उपयोग काय, सकाळचा पॅड घरी येईपर्यंत तसाच.

आणि चवथ (गणेश चतुर्थी) आली की नववी-दहावीतल्या पोरींनासुद्धा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, डॉक्टरला न विचारता. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, ते व्रतच मुळी पाळीतल्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून.