‘मराठी उडालं’ म्हणजे नक्की काय झालं? प्रश्नचिन्हं वेगळी, गिचमिड वेगळी

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गणेशोत्सवाची वर्गणीची यादी यंदा दोनदा बिघडली, एकदा काकांच्या कॉम्प्युटरवर, एकदा माझ्या. दोन्ही वेळा सगळे म्हणाले, ‘मराठी उडालं.’ खरं तर उडालं एकदाच.

काकांच्या फायलीत नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. माझ्या फायलीत डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ‘ए’, आणि मधेमधे चक्क जपानी येनची खूण. दिसायला माझी फाईल जास्त भयाण, पण वाचली तीच.

काकांनी जुन्या नोटपॅडमध्ये फाईल ॲन्सीत, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायच्या एका जुन्या पद्धतीत, सेव्ह केली. इंग्रजी विंडोजच्या या ॲन्सीत एका अक्षराला एक बाइट, म्हणजे जागा फार तर २५६, आणि त्यांत देवनागरी नाही. मग नोटपॅड प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून टाकतं. आधी इशारा देतं, पण काकांनी न वाचता ओके दाबलं. ‘काळे’ म्हणजे क, काना, ळ, मात्रा अशी चार चिन्हं. ‘जोशी’चीही चारच. आता कोणाची वर्गणी कोणती, सांगा! डिस्कवर खरोखर प्रश्नचिन्हच गेलंय, त्यामागे काही दडलेलं नाही. फॉन्ट बदलून काय होणार?

माझी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी टेक्स्ट) फाईल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या मावणाऱ्या यूनिकोडच्या पद्धतीत होती. तिथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, ‘काळे’ला १२. डबल क्लिक केल्यावर एक्सेलने ती ॲन्सी समजून एकेक बाइट सुटा वाचला. देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट नेहमी २२४, तोच तो रेघवाला ‘ए’. दुसरा १६४ किंवा १६५, आणि १६५ म्हणजे येन. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त यांच्या वाट्याला हा १६५ येतो, म्हणून ‘जोशी’त दोन येन, ‘काळे’त एक. (वर्गणी मात्र रुपयांतच घेतो.)

अशी गिचमिड दिसली तर सेव्ह न करता फाईल बंद करा. मग एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून टेक्स्ट फाईल आणताना ‘६५००१ : यूनिकोड (यूटीएफ-८)’ निवडा. नाहीतर नोटपॅडमध्ये ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ करून ठेवा; बीओएम म्हणजे फाईलच्या सुरुवातीचे खुणेचे ३ बाइट, त्यांवरून एक्सेल यूटीएफ-८ ओळखतं.

२०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ धरतं. एक्सेलमध्ये मात्र साधं ‘सीएसव्ही’ निवडलंत तर प्रश्नचिन्हं आजही पडतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’च घ्या.

कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमधला मजकूर इंग्रजी अक्षरांसारखा दिसला, तर तो या दोन्हींत बसत नाही. ती मुळात इंग्रजीच अक्षरं, फॉन्टने त्यांना देवनागरी मुखवटा चढवलेला. तिथे कन्व्हर्टर लागतो.

काकांची यादी शेवटी पावतीपुस्तकावरून पुन्हा टाइप केली. दोन पावत्यांवरचं अक्षर काकांनाही लागलं नाही. तिथे आम्हीच प्रश्नचिन्ह टाकलंय.