केकच्या फोटोला फ्लॅश लागतोच? अजिबात नाही

नाशकात घरून केक करणाऱ्या बऱ्याच जणी अजून सांगतात की फ्लॅश मारला तरच आयसिंग उठून दिसतं, पण होतं नेमकं उलटं, कारण फ्लॅशचा उजेड समोरून थेट पडतो, पायपिंगच्या, म्हणजे कोनातून क्रीम पिळून काढलेल्या पाकळ्यांची सावलीच जाते आणि एवढ्या मेहनतीचं फूल सपाट दिसतं, गनाशवर, म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या चकचकीत थरावर पांढरा डाग पडतो तो वेगळाच. ट्यूबलाइट बंद करा, केक खिडकीशेजारी ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या. इंदिरानगर असो की गंगापूर रोड, फ्लॅटला एक खिडकी असतेच ना! थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. पांढरं क्रीम करडं येतंय? कॅमेरा पांढऱ्यालाही मधल्या करड्यावर आणायला बघतो, म्हणून स्क्रीनवर केकला टच करून ब्राइटनेस थोडा वर सरकवा.