बोबडं बोलणं आणि भाषा न उमगणं

चार वर्षांचं एक मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणतं. काहीतरी अडलंय हे पाहुण्यांच्याही लक्षात येतं. दुसरं मूल अगदी स्वच्छ बोलतं, पण ‘बूट घालण्याआधी दप्तर उचल’ म्हटलं की आधी बूट घालतं. त्याला आपण हट्टी ठरवतो. त्यामुळे पहिलं मूल स्पीच थेरपिस्टकडे लवकर पोचतं, दुसरं उशिरा. भाषेत अडणाऱ्या मुलांसाठी असलेल्या खास बालवर्गाची गरज मात्र बहुधा त्या दुसऱ्यालाच जास्त असते.

पहिल्याची अडचण उच्चाराची आहे. काय म्हणायचं ते त्याला पक्कं ठाऊक असतं, वाक्यही बरोबर असतं. फक्त ‘क’च्या जागी ‘त’ येतो, ‘ग’च्या जागी ‘द’. थेरपिस्ट त्याच्यापुढे ‘कार’ आणि ‘तार’ अशी दोन चित्रं ठेवते. हवी असते गाडी, तोंडातून येतं ‘तार’, आणि हातात तारच पडते! आवाज बदलला की अर्थ बदलतो, हे त्याला असं कळतं. दोष फार तीव्र नसेल, तर नेहमीची बालवाडी आणि जोडीला थेरपी एवढं पुष्कळदा पुरतं.

दुसऱ्याची अडचण खुद्द भाषेची. ‘मी चेंडू फेकलो’, ‘दोन मांजर आलं’ असं तिसऱ्या वर्षी कोणीही बोलेल. पाचव्या वर्षीही तेच चालू असेल तर बघायला हवं. दुसरं उघड कारण नसताना टिकून राहणाऱ्या या अडचणीला विकासात्मक भाषा विकार म्हणतात. तो साधारण ७ टक्के मुलांत आढळतो, म्हणजे ३० जणांच्या वर्गात दोघं. घरात दोन भाषा बोलल्याने तो होत नाही, आई कामाला जाते म्हणूनही नाही. (हे आजीआजोबांना एकदा नीट सांगून टाकावं.)

ही मुलं लपतातही छान. बाईंनी ‘रांग करा’ म्हटलं की शेजाऱ्याकडे बघून उठतात. म्हणून एकट्याला, हातवारे न करता सांगून पाहा.

खास वर्गात मुलं मोजकी असतात, आणि शिक्षिकेसोबत थेरपिस्टही काम करते. दिवसाचा क्रम चित्रांत लावलेला असतो. ‘आत’, ‘आधी’, ‘रिकामं’ असे शब्द गोष्टीत, खेळात, गाण्यात पुन्हा पुन्हा येत राहतात. मूल ‘दोन मांजर आलं’ म्हणालं तर ‘चूक, परत म्हण’ असं कोणी म्हणत नाही. ‘हो, दोन मांजरं आली!’ एवढंच उत्तर येतं. आणि मुलाच्या उत्तराची वाट पाहिली जाते, घरी आपल्याला धीर धरवत नाही त्याहून बरीच जास्त.

काही मुलांत दोन्ही अडचणी एकत्र असतात. कोणतीही असो, आधी कानांची तपासणी करून घ्यावी. पडद्यामागे पाणी साचलं असेल तर ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं, आणि घरी पाठीमागे टाळी वाजवून घेतलेली परीक्षा अशा वेळी फसवते.